आरशाच्या एक पायरी अलीकडे

भाऊजी माझ्या वर्कशॉपच्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातात फळांची पिशवी होती. आमचे भाऊजी फळं घेऊन आले की समजावं, कुठेतरी काहीतरी सडलंय, आणि ते पिशवीत नाही.

"काय म्हणतेस? मशीन जोरात चाललेलं दिसतंय."

"चालतंय," मी म्हटलं. बसा म्हटलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा डाय बनवायचा कारखाना आहे. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात तापलेलं प्लॅस्टिक दाबलं की डबे, झाकणं, गाडीच्या दिव्यांची कव्हरं असं काय काय बाहेर पडतं. डब्याची डाय जराशी खरखरीत राहिली तरी कोणी विचारत नाही. पण दिव्याचं कव्हर पारदर्शक असतं. त्याच्या डायवर जो डाग असेल तो प्रत्येक कव्हरवर उमटतो, म्हणून ती डाय अगदी आरसा होईपर्यंत घासावी लागते. हे घासायचं काम माझं. माझ्याआधी ते बाबांचं होतं, आणि बाबांचं ते काम कोणी घालवलं असं विचाराल तर तो माणूस माझ्या दारात फळं घेऊन उभा होता.

बाबा हाताने पॉलिश करायचे. आधी दगडाच्या बारीक कांड्या, मग लाकडाची काडी, शेवटी फेल्टचा तुकडा आणि हिऱ्याची पेस्ट. त्यांनी घासलेल्या पोलादात बघून दाढी करावी असं लोक म्हणायचे. केली मात्र कोणी नाही, कारण डायजवळ कोणी नुसता श्वास सोडला तरी बाबा खेकसायचे.

भाऊजींच्या एका डायवर शेवटच्या घासणीला सावली उठली. एका वळणावर, काचेवर श्वास पडल्यावर राहतो तसा पुसट गोल. नेमकी त्याच वेळी गिऱ्हाइकाची माणसं डाय न्यायला आली होती. भाऊजींनी त्यांच्यासमोर, कारखान्यातल्या सगळ्या कामगारांसमोर, चहाचे कप घेऊन आलेल्या माणसासमोर सांगितलं, "सासरे आहेत, काय बोलणार? वय झालं. हात थरथरतो. जास्त घासलं गेलं."

मी बाबांच्या शेजारी उभी होते. मी त्यांचा हात धरला. तो थरथरत नव्हता, दगडासारखा थंड पडला होता. आणि बाबा म्हणाले, "झालं असेल माझ्याकडून."

अशी सावली कशाने उठते हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. डाय कापताना टूल खोल गेलं, खड्डा पडला, की प्रामाणिक माणूस नवा ठोकळा घेतो. दुसरा माणूस वेल्डिंग करून खड्डा भरतो, वरून सपाट करतो आणि अळीमिळी गुपचिळी. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. पण वेल्डिंगच्या धगीने भराच्या भोवतीचं पोलाद मऊ पडतं. घासत घासत आरशापर्यंत गेलात की ते मऊ कडं वेगळं झिजतं आणि दिसायला लागतं. मी घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "खाली वेल्डिंग होतं ना?" ते म्हणाले, "गप्प बस." ती डाय भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी भंगारात वितळवायला पाठवली. चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर पुरावा भट्टीत.

हात थरथरतो ही बातमी एका कारखान्यातून दुसऱ्यात जायला काय लागतं? बाबांचं काम आटलं. मग ते गॅलरीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कात्र्यांना धार लावून द्यायचे. फुकट. कोणी म्हटलं, काय सुरेख धार लावलीत हो, तर खाली बघायचे. तसेच खाली बघत बघत गेले.

मी तेव्हाच ठरवलं होतं की असं मशीन घ्यायचं ज्याला हातच नाही. म्हणजे कोणाच्या बापाला थरथरतो म्हणता येणार नाही.

माझ्या मशीनला खाली चुंबकाचं डोकं आहे, ते गरगर फिरतं. त्याच्याखाली मी लोखंडाची पूड, तिच्यात घासणारी कडक भुकटी आणि थोडं तेल घालते. चुंबक ती पूड ओढून धरतं, पुडीचे केस उभे राहतात आणि एक जिवंत ब्रश तयार होतो. तो खळग्यात शिरतो, उंचवट्यावर चढतो, जिथे बोट जात नाही तिथेही जातो. कितीही कडक पोलाद असो, ब्रश त्याची खरखर काढतोच. फक्त जवळ येताना केसांतल्या पिना काढून ठेवायच्या, नाहीतर घरी गेल्यावरही डोक्यातून पूड निघत राहते.

"दिव्याच्या कव्हरची डाय आहे," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाइकाने तुझंच वर्कशॉप सांगितलंय. चुंबकावरच पॉलिश पाहिजे म्हणतात."

म्हणजे अडला हरी! एरवी त्यांनी माझ्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि मीही त्यांना पाण्यातच पाहत होते.

"आणि मी म्हटलं, बरंच झालं," ते पुढे म्हणाले. "तुझा ब्रश मऊ. सगळीकडे सारखा बसतो. दगडासारखी कुठे सावली वगैरे भानगड नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कोणी विचारलेलं नसताना माणूस सावलीचं नाव कशाला काढेल?

आणि त्यांची समजूत साफ उलटी होती. डाय कापणारे सगळेच असं समजतात, कारण ते आयुष्यभर कडक टूलने कापतात आणि मऊ म्हटलं की त्यांना गरीब वाटतं. दगड कडक असतो, तो मऊ कड्याच्या वरून पुलासारखा निघून जातो. ब्रशला मात्र मऊ जागा सापडली की तो तिथेच जास्त खातो. बाबांच्या दगडाने शेवटपर्यंत जी सावली झाकून धरली होती, ती माझ्या ब्रशने पहिल्या तासात बाहेर काढली असती.

"ठेवून जा," मी म्हटलं. फळंही ठेवून घेतली.

डाय मशीनवर चढवली. आधी जाड पूड, मग मधली. पोलाद करडं होतं ते दुधी झालं, मग त्यात खिडकी दिसायला लागली. बारीक पूड घातली, चुंबक आणखी जवळ घेतलं, थोड्या वेळाने मशीन थांबवून डाय पुसली आणि दिव्याखाली तिरकी धरली.

सावली होती. बाबांच्या वेळी होती त्याच वळणावर. तिथे टूल आत शिरतं, आणि इतक्या वर्षांत भाऊजी ते वळण कापायला शिकले नव्हते. फक्त भरायला शिकले होते.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी एकटीच वर्कशॉपभर फेऱ्या मारल्या. पिशवीतलं एक फळ काढून खाल्लं, गोड होतं. मग भाऊजींना फोन केला.

ते आले. या वेळी हात रिकामे होते.

"हे काय?"

"सावली."

"जास्त घासलं असशील."

"मशीनचं वय होत नाही, भाऊजी."

ते स्टुलावर बसले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं त्यांचं उघडलं. वेल्डिंग केलंय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. थेट उपायावर आले.

"आरसा करू नकोस. एक पायरी अलीकडे थांब. वरून दगडाने बारीक रेघ मार, म्हणजे सावली बुजेल. उद्या सकाळी भिंगवाले येतील, त्यांना मी सांभाळतो. या कव्हरला एवढी चमक लागत नाही म्हणून सांगतो." भिंगवाले म्हणजे गिऱ्हाइकाचे तपासनीस. गळ्यात कायम भिंग अडकवलेलं असतं, जेवतानाही काढत नाहीत म्हणे.

"आणि मी आरसाच केला तर?"

भाऊजींनी आवाज खाली आणला. त्यांना गोड बोलायचं असलं की ते आवाज खाली आणतात. "तर हे गिऱ्हाईक जाईल, त्याच्यामागे बाकीचे जातील. मग घर कोणाचं बसेल? माझं एकट्याचं? तुझी बहीण त्याच घरात आहे ना?"

हा पत्ता त्यांच्या हातात होता आणि मला तो माहीत होता. त्यांना बुडवायचं तर ताईला त्याच होडीतून खाली ढकलायचं. मी दात-ओठ खाल्ले. मला बाबांचं नाव परत हवं होतं. ते कारखाने कारखाने फिरून आणता येणार नव्हतं, निदान एका घरात तरी आणायचं होतं.

"आईसमोर येऊन सांगा," मी म्हटलं. "बाबांनी डाय बिघडवली नव्हती, खाली तुमचं वेल्डिंग होतं. एवढं तोंडाने सांगा. मी दगड हातात घेते."

"बस, एवढंच?" ते म्हणाले.

एवढंच! तो शब्द माझ्या अंगभर चटका लावत गेला. पण सौदा मीच केला होता, म्हणून गिळला.

दुपारी ते आईच्या घरी आले. बरोबर ताई होती, कारण बायकोशिवाय सासूच्या घरी जाऊन हे काय बोलणार? तिला काही सांगितलं नव्हतं. ती आईसाठी गुडघ्याला लावायचं तेल घेऊन आली होती आणि आल्या आल्या आईच्या पायाशी बसून झाकण उघडायला लागली.

आई खिडकीपाशी उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती.

"जावईबापू, बसा ना."

भाऊजी बसले नाहीत. कडू औषध घेतात तसं एका घोटात बोलून मोकळे झाले. "आई, ती दिव्याची जुनी डाय. बाबांच्या हातून बिघडली नव्हती. मी आधी वेल्डिंग केलं होतं. झालं ते झालं."

ताईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी आईकडे पाहत होते. मी तिच्या चेहऱ्यासाठी किती वर्षं थांबले होते! मला वाटलं, ती रडेल, जावयाला चार शब्द सुनावेल, बाबांच्या फोटोकडे बघेल.

आईने दोरा दाताने तोडला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"ह्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणाले, मी तोंड उघडलं तर जावयाची अब्रू जाईल, आणि पोरीला त्या घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यापेक्षा माझं नाव गेलं तर गेलं. मला शपथ घातली होती."

मला काय वाटलं ते सांगते. मला आईचा राग आला. बाबांचाही आला. मी एवढी वर्षं ज्याचा सूड उगवायला मशीन आणलं, कर्ज फेडलं, पुडीने फुप्फुसं काळी केली, तो अन्याय त्या दोघांनी स्वतःच ताटात वाढून दिला होता! आणि भाऊजींचा चेहरा तर बघण्यासारखा उजळला.

"बघा!" ते म्हणाले. "बाबांचं मनच मोठं. घरची गोष्ट घरात राहिली. आता उगाच कोळसा उगाळायचा कशाला?"

"थांबा," ताई म्हणाली.

ताई कधी मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. तिने तेलाची बाटली नीट बंद केली आणि आईकडे वळली.

"घरात कप फुटला की हे म्हणतात, बापावर गेलीस. भाजी करपली की म्हणतात, हात थरथरला वाटतं. कुलूप लागलं नाही, सासऱ्यांचा हात. मुलांसमोर म्हणतात, पाहुण्यांसमोर म्हणतात. मुलंपण आता म्हणतात. आणि मी हसते, आई. मला वाटायचं, खरंच तर आहे. बाबांनी ह्यांचं एवढं नुकसान केलं, आणि हे बिचारे नुसतं थट्टेवारी नेतात."

"अगं, ती काय गंमत," भाऊजी म्हणाले.

"मी इथे यायचे तेव्हा बाबा गॅलरीत कात्र्या घेऊन बसलेले असायचे. मला लाज वाटायची. मी मागच्या जिन्याने वर यायचे." तिने बाटली जमिनीवर ठेवली. "शेवटचं वर्षभर मी त्यांच्याशी धड बोललेही नाही."

"तुझ्यासाठीच गप्प बसले गं ते," आई म्हणाली.

"माझ्यासाठी! मला विचारलं होतं कोणी?"

आई सुईत पुन्हा दोरा ओवायला लागली आणि तो काही केल्या जाईना.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "आज हे अचानक खरं का बोलायला लागले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं: नवी डाय, तेच वळण, तीच सावली, एक पायरी अलीकडे थांबायचा सौदा. भाऊजी मधे मधे अगं ऐक, अगं ऐक करत होते. ताईने त्यांचं काही ऐकलं नाही.

"ती डाय कुठे आहे?"

"मशीनवर."

"चल."

वर्कशॉपमध्ये मी तिला ॲप्रन दिला. तिच्या केसांतल्या पिना काढून डब्यात ठेवायला लावल्या. माझ्या मनात आलं, तिला एकदा विचारावं. मी भाऊजींना खड्ड्यात घालायला केव्हाचीच तयार होते, पण त्या खड्ड्याच्या काठावर हिचं स्वयंपाकघर होतं.

"ताई, हे गिऱ्हाईक गेलं तर कारखाना बसेल. घराचं काय होईल, विचार कर."

"एका घरासाठी बाबा गेले," ती म्हणाली. "तेवढी किंमत पुरे झाली त्या घराची. काय दाबायचं ते दाखव."

तेवढ्यात भाऊजी मागोमाग धापा टाकत पोहोचले. "शब्द दिला होतास तू मला!"

"दिला होता ना," मी म्हटलं. "हा बघा दगड, हातातसुद्धा घेतलाय. पण थोरली बहीण आहे, तिच्यापुढे माझं काय चालणार?"

ताईने हिरवं बटण दाबलं. पूड चुंबकाखाली ताठ उभी राहिली आणि फिरायला लागली. मी तिला फक्त सांगत होते, आता तेल, आता खाली घे, आता पूड बदल. हात तिचेच होते. भाऊजी आधी ओरडले, मग विनवण्या केल्या, मग मुलांची नावं घेतली. मग दारात बसून राहिले. मशीनच्या आवाजात त्यांचं अर्धं ऐकूच आलं नाही, आणि उरलेल्या अर्ध्याकडे ताईने लक्ष दिलं नाही. डायमध्ये तिचा चेहरा उमटला तेव्हा मी म्हटलं, झालं, बास. ती म्हणाली, "अजून." त्या रात्री ती आईकडे राहिली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण ताईने आईच्या गुडघ्यांना तेल लावलं.

सकाळी भिंगवाले आले, बरोबर गिऱ्हाइकाच्या कारखान्यातली दोन माणसं. भाऊजीही आले होते. न येऊन करतात काय? डाय टेबलावर होती. इतकी लख्ख की छताचा पंखा तिच्यात फिरताना दिसत होता, आणि त्या पंख्याच्या एका पात्यावर सावलीचं कडं बसलं होतं.

भिंगवाल्यांनी अजून भिंग डोळ्याला लावलंही नव्हतं, तेवढ्यात भाऊजी हसून म्हणाले, "घरचेच लोक आहेत, काय बोलणार? जास्त घासलं गेलं."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगाच?

"घासलं कोणी?" भिंगवाल्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते. सगळी वाक्यं तयार होती माझ्याकडे, वर्षानुवर्षं घासून लख्ख करून ठेवलेली. पण ताई माझ्यापुढे आली.

"मी," ती म्हणाली. "आणि सावलीखाली वेल्डिंग आहे. ते ह्यांनी केलंय. मागेही केलं होतं आणि माझ्या वडिलांच्या हातावर ढकललं होतं. माझ्या वडिलांचा हात थरथरत नव्हता. हे तुम्ही तुमच्या कारखान्यात सांगा. ज्या ज्या कारखान्यात जाल तिथे सांगा."

"ही माझी बायको आहे," भाऊजी भिंगवाल्यांना म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

भिंगवाले डायवर वाकले. भिंग डोळ्याला लावून कडं सगळीकडून पाहिलं. मग भिंग खाली सोडून त्यांनी बोटाच्या टोकाने ते कडं दाखवलं, बरोबरच्या दोघांना. "नीट बघून ठेवा. वेल्डिंग असं दिसतं." मग ताईला म्हणाले, "त्या दिवशी मी आलो होतो. मी नवा होतो, काही बोललो नाही."

"आता बोला," ताई म्हणाली.

"बोलेन."

भाऊजींकडे न बघता ते म्हणाले की ही डाय आम्ही नेणार नाही आणि पुढच्याही नाही, आणि माणसं घेऊन निघून गेले. भाऊजी टेबलापाशीच उभे होते. त्यांचा चेहरा डायमध्ये उमटला होता. मी तो चांगला डोळे भरून पाहिला. सूड उगवल्यावर म्हणे माणसाला रितं रितं वाटतं. मला नाही वाटलं. माझा जीव निवला, आणि वाटलं, हे बाबांना गॅलरीत जाऊन सांगता आलं असतं तर.

भाऊजी बाहेर जाऊन गाडीत बसले. हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला, या वेळी लांब.

"ताई, बोलावतायत," मी म्हटलं.

"वाजवू दे," ती म्हणाली. दोन्ही हात पुढे करून तिने बोटं उलटसुलट करून पाहिली, नखांपर्यंत काळी झाली होती. "हे कशाने निघतं गं?"

"आधी रॉकेल, मग साबण," मी सांगितलं आणि तिच्यासाठी डबा काढायला गेले.